सहा तारखांसाठी अख्ख्या कॅलेंडरची किल्ली कशाला?

खटपट्या

एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यासाठी फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी बांधायचं साधन) अ‍ॅप करतोय. बाळाची जन्मतारीख टाकली की लसींच्या तारखा निघतात. सरकारी वेळापत्रक धरलं तर जन्माच्या वेळच्या लसी सोडून पहिल्या सहा वर्षांत सहा फेऱ्या: ६, १०, १४ आठवडे, मग ९ महिने, १६ ते २४ महिन्यांत एक आणि पाच-सहा वर्षांचं झाल्यावर एक.

डॉक्टरांना या तारखा पालकांच्या फोनच्या कॅलेंडरात आपोआप पडायला हव्यात. मी नाही म्हणतोय. तारखेसमोर 'कॅलेंडरमध्ये टाका' असं बटण द्यायचं, दाबलं की फोनचाच नवीन नोंदीचा फॉर्म भरलेला उघडायचा आणि सेव्ह पालकांनी करायचं. अँड्रॉइडवर इंटेंटने (म्हणजे फोनच्या कॅलेंडर अ‍ॅपला निरोप धाडून) असा फॉर्म उघडला तर कसलीच परमिशन लागत नाही, आयफोनवर आयओएस १७ पासून तेच.

आपोआप लिहायचं म्हटलं की परवानगी आली. अँड्रॉइडवर वाचायची आणि लिहायची परवानगी एकाच गटात आहे, पालकाला विचारणारी खिडकी एकच. लसीची तारीख टाकायला आलेल्या अ‍ॅपला त्यांच्या मीटिंगा, वकिलाची भेट, सगळं उघडं. मी ते वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. त्यांना कसं कळणार?

रात्रपाळी

सहा फॉर्म, सहा वेळा सेव्ह. कडेवर दीड महिन्याचं बाळ, दुसऱ्या हातात फोन. कोण करणार?

आणि फॉर्म उघडल्यावर पालकाने सेव्ह केलं की तसाच मागे आला, हे अँड्रॉइडवर तुम्हाला खात्रीने कळत नाही. मग अ‍ॅपमध्ये त्या तारखेपुढे बरोबरची खूण कशाच्या भरवशावर दाखवणार?

खटपट्या

खूण दाखवणारच नाही. आणि पहिले तीन डोस चार-चार आठवड्यांच्या अंतराने आहेत ना? 'दर चार आठवड्यांनी, एकूण तीनदा' असा पुनरावृत्तीचा नियम एकाच फॉर्मात भरून देता येतो. सहाचे चार झाले.

दोन_लेकरांची_आई

कोडमधलं मला कळत नाही, पण तारखांचं कळतं. धाकटीला सहा आठवड्यांचा डोस तापामुळे दहा दिवस पुढे गेला. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, म्हणून पुढचे दोन्हीही सरकले. फोनमध्ये जुन्याच तारखा. सकाळी आठला गजर: आज लस. मी बाळाला टोपडं घालून, पर्स घेऊन तयार, आणि फाइल उघडून पाहते तर अजून दहा दिवस आहेत!

तुमचा तो तीनदाचा नियम अशा वेळी तिन्ही तारखा चुकीच्या दाखवणार. आपण टाकलेली नोंद जे अ‍ॅप हलवू शकत नाही, त्याने ती टाकूच नये असं माझं मत.

जुनाजाणता

खटपट्यांच्या बाजूने. गुपचूप लिहिण्यात काय होतं ते मी करून बसलोय.

एका जुन्या अ‍ॅपसाठी अँड्रॉइडचा भाग कोटलिन या भाषेत हाताने लिहिला होता. दिवसभराची नोंद, तारीख २०, म्हणून २० तारखेच्या रात्री १२ ची भारतीय वेळ मिलिसेकंदांत दिली. पण दिवसभराच्या नोंदीला तिथे यूटीसीतली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, मध्यरात्र लागते; आपण तिच्या साडेपाच तास पुढे. आपली २० ची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत १९ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा. नोंद पडली १९ ला. सगळ्यांच्या फोनवर, एक दिवस आधी, आणि आम्हाला पत्ता लागला तीन आठवड्यांनी.

वर कॅलेंडरचा आयडी (ओळख क्रमांक) १ असा ठोकून दिला होता. माझ्या फोनवर १ म्हणजे माझं जीमेलचं कॅलेंडर. एका ग्राहकाच्या फोनवर १ निघालं फोनपुरतं स्थानिक कॅलेंडर, जे तो कधी उघडतच नव्हता. नोंद गेली, पण विहिरीत. फॉर्म उघडला असता तर चुकीची तारीख आणि चुकीचं कॅलेंडर माणसाने सेव्ह करण्याआधी डोळ्यांनी पाहिलं असतं.

रात्रपाळी

काका, हे तुमच्या कोडचे बग आहेत, परवानगीचा दोष नाही. कॅलेंडरांची यादी वाचायची, वापरकर्त्याला निवडू द्यायचं, तिथे लिहायचं आणि मिळालेला आयडी जपून ठेवायचा. ताप आला, तारीख बदलली, तीच नोंद हलवली. ताईंना हेच हवंय.

जुनाजाणता

ती यादी वाचायलाही परवानगीच लागते, विसरू नका. आयफोनवर आयओएस १७ पासून 'फक्त लिहा' अशी अर्धी परवानगी आहे, पण त्यात स्वतः टाकलेली नोंदसुद्धा परत वाचता येत नाही. हलवायची तर पूर्णच मागा. तीही नव्या पद्धतीने. आयओएस १७ च्या एसडीकेने (अ‍ॅपलच्या साधनसंचाने) बांधलेल्या अ‍ॅपने जुन्या पद्धतीने मागितली तर खिडकी उघडतच नाही, थेट एरर. दोन्ही फोनांसाठीचा तयार जोडकोड, म्हणजे क्रॉस-प्लॅटफॉर्म प्लगइन, जुना असला की इथेच माती खातो.

भिंतीवरचं_कॅलेंडर

आमच्याकडे आजी दुधाच्या खाड्यांशेजारी लाल पेनाने गोल करते. परमिशन आजोबांचीही लागत नाही.

खटपट्या

ताई, दिवसभर तुमचंच टोपडं डोळ्यांपुढे होतं. मधला मार्ग काढला. सुरुवातीला फॉर्मच. पहिली तारीख बदलली की अ‍ॅप विचारणार: 'पुढच्या तारखा आपोआप हलवायच्या का?' हो म्हटलं तरच परवानगीची खिडकी. मागण्याचं कारण तेव्हा समोर दिसतंय, आधी नाही. डॉक्टरांनी अर्ध्या मनाने मान हलवली.

दोन_लेकरांची_आई

बरं. पण फॉर्मने आधी टाकलेल्या नोंदी? त्या अ‍ॅपला ओळखता येणार का? नाहीतर जुनी तिथेच, वर नवी पडणार. एका लसीचे दोन गजर.

खटपट्या

त्यांचा आयडी माझ्याकडे नसतो. शीर्षक आणि तारखेवरून शोधता येतील, पण त्यासाठी त्या दिवशीच्या त्यांच्या सगळ्या नोंदी वाचाव्या लागतील.

रात्रपाळी

वकिलाच्या भेटीसकट.