विषय: 24 तारखेचं हळदीकुंकू, तिळगूळ कुठे करायचा?

किचन टीम, एडिसन

नमस्कार मंडळी, आपल्या न्यू जर्सीच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवासाठी 24 जानेवारीचा हॉल पक्का झाला. दुसऱ्याच दिवशी रथसप्तमी आहे, त्यामुळे पुढे ढकलायला वावच नाही. प्रश्न फक्त तिळगुळाचा. दर वर्षी काकूंच्या घरी व्हायचा, आता काकू नाहीत, यंदा कुठे करायचा? हॉलवाले किचनमध्ये फक्त अन्न गरम करू देतात, पाक वगैरे करायला सक्त मनाई आहे. मोठ्या कढया काकूंकडेच आहेत आणि त्यांच्या लेकीला, ताईला, आत्ता कढयांसाठी फोन करायचं माझ्या जिवावर आलंय. कोणाकडे जागा असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, ओक ट्री रोडला जाऊन तीळ-गूळ आणायचाय.

काकूंची लेक

फोन केला असतास तरी चाललं असतं गं. तिळगूळ आमच्याकडेच करा, शनिवारी 17 ला सकाळी या सगळ्या. कढया घासून ठेवल्यात, परातीही काढल्यात. एकच अडचण आहे, पाक मला जमत नाही. आई पाकाचा थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकायची, गोळी काढून स्टीलच्या ताटावर आपटायची आणि टण् आवाज आला की गॅस बंद कर म्हणून ओरडायची. माझ्याकडे कायम तीळ भाजायचंच काम असायचं, त्यामुळे पाकाला कोणीतरी जाणतं माणूस लागेल. आणि एक विनंती, 24 ला सुरुवातीला पाच मिनिटं आईबद्दल बोलायला द्याल का?

मनरोच्या काकू

बाळा, राग मानू नकोस, मोठी म्हणून सांगते. तुझी आई जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. वर्षाच्या आत त्या घरात सण करत नाहीत, गोडधोड बाहेरून येतं. तिळगूळ आम्ही करून तुझ्याकडे आणायचा, तू आमच्यासाठी कढया चढवायच्या नाहीस. दुसरं म्हणजे हळदीकुंकू सवाष्णींचा कार्यक्रम, त्यात श्रद्धांजली बरी दिसत नाही. काकूंसाठी वेगळी सभा घेऊ, त्यांच्या तोलामोलाची. तिळगूळ माझ्याकडे करा, किचन मोठं आहे.

खजिनदार

वेगळी सभा म्हणजे पुन्हा हॉलचं भाडं आणि पुन्हा इन्शुरन्सचं सर्टिफिकेट. फेब्रुवारीत शाळेचं स्नेहसंमेलन आहे, मार्चमध्ये पाडवा, तेव्हा तारखा बघूनच ठरवा. वाणाची खरेदी आमच्या समितीकडे आहे, ती कृपया परस्पर कोणी करू नये, गेल्या वर्षी डबे दोनदा आले होते.

मराठी शाळा, प्लेन्सबोरो

वाणाचं राहू द्या, आधी ॲलर्जीचं बघा. 1 जानेवारी 2023 पासून अमेरिकेत तीळ हा नववा मुख्य ॲलर्जन धरतात, पाकिटावर लिहावंच लागतं. आपला लाडू घरचा आहे, पण कार्यक्रमाला मुलं येणार आणि आपल्या लाडवात तिळाबरोबर शेंगदाण्याचं कूटही असतं. टेबलावर मोठ्या अक्षरात पाटी हवी. ज्या मुलांना चालत नाही त्यांना हलवा द्या म्हणाल तर हलव्यातही तीळच असतो, त्यांच्यासाठी खोबऱ्याच्या वड्या वेगळ्या कढईत करा.

काकूंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळतो त्या व्हिसावर, आले तेव्हा कामाची परवानगीच नव्हती, आमच्यासारख्या काही जणींना ती मिळायला लागली 2015 च्या मे महिन्यात. तोपर्यंत दिवसभर घरात बसून मला वेड लागायची पाळी आली होती. काकू एका रविवारी दारात आल्या, म्हणाल्या आवर, शाळेत बाराखडी शिकवायला माणूस नाहीये. गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं, मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. मुलगी झाली तेव्हा आईचा व्हिसा वेळेत आला नाही, तर काकू डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर घेऊन रोज संध्याकाळी यायच्या, बाळाला तेल लावून अंघोळ घालायच्या आणि मला म्हणायच्या तू झोप. या लिस्टवर अशा किती जणी आहेत त्यांनी हात वर करावा.

किचन टीम, एडिसन

मी आहे त्यातली. पण पाटीचं काम शाळेने घ्यावं, किचनचं आम्ही बघू. गूळ कुठला आणू? चिक्कीचा आणला तर लाडू दगड होतात असं मागच्या वेळी कोणीतरी म्हणालं होतं.

पिस्काटावे, ढोल पथक

चिक्कीचाच आणा. साध्या गुळाचा लाडू मऊ राहतो, एवढे दिवस डब्यात राहिला की चिकटून गोळा होतो. काकू दोन्ही मिसळायच्या. आणि पुरुष मंडळींना पण बोलवा लाडू वळायला, गरम मिश्रण हाताला सोसत नाही म्हणून तुम्ही दर वर्षी अर्ध्यात वड्या थापता.

काकूंची लेक

मनरोच्या काकू, राग अजिबात नाही, आई तुमचं नाव नेहमी मानाने घ्यायची. पण सवाष्णींचा कार्यक्रम म्हणालात म्हणून लिहिते. बाबा 2021 मध्ये गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं हे सगळं बंद, आणि सरकारनेही बाकीच्या गावांनी तसंच करावं म्हणून परिपत्रक काढलं. आईने ती बातमी मला फोनवर अख्खी वाचून दाखवली होती. त्यानंतरच्या जानेवारीत ती हॉलच्या दाराशी स्वतः करंडा घेऊन उभी राहिली. कोणाचा नवरा आहे, कोणाचा नाही, कोणाचा घटस्फोट झालाय, काही विचारायचं नाही, येईल तिला हळदीकुंकू. कोटांच्या रॅकमागे एक आजी भिंतीला टेकून उभ्या होत्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. आई तिथे गेली, त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओटीही भरली. आजी किती रडल्या ते मी बघितलंय. त्या हॉलमध्ये आईबद्दल बोलायचं नाही तर कुठे बोलायचं? आणि कढया मीच चढवणार. घरात चार माणसं यावीत, गुळाचा वास यावा, एवढंच मला हवंय, नाहीतर हे घर खायला उठतं.

मनरोच्या काकू

त्या आजी माझ्या सासूबाई. सातारला परत गेल्यावरही वर्षभर ते सांगत होत्या. वर्षाच्या आत सण नको हे मी मानते आणि मानत राहीन, पण तुझं घर, तू ठरव. 24 ला तू बोल, मी पहिल्या रांगेत बसेन. 17 ला आठ वाजता येते, पाक मी बघते. माझ्याशिवाय कोणी गॅसची आच कमी-जास्त करायची नाही.

खजिनदार

मग वेगळ्या सभेचा विषय बंद ना? असेल तर मी हॉलवाल्यांना अर्धा तास वाढवून मागतो, पाच मिनिटांत काकूंबद्दल होणार नाही, मला स्वतःलाच बोलायचंय. मंडळाच्या पहिल्या बँक खात्याचे कागद त्यांच्या डायनिंग टेबलवर बसून भरले होते.

किचन टीम, एडिसन

ठरलं मग, 17 ला काकूंकडे. तीळ पाच किलो, गूळ दोन्ही प्रकारचा, वेलदोड्याची पूड घरून आणा. खोबऱ्याच्या वड्या तीळ-शेंगदाण्याला हात लावायच्या आधी सगळ्यात पहिल्यांदा करायच्या, कढई मी माझी आणते. वीकेंडला बर्फ सांगितलाय, ढोल पथकातल्या दोघांनी फावडी घेऊन साडेसातला या, ड्राइव्हवे मोकळा हवा. गाड्या रस्त्याच्या एकाच बाजूला लावा.