नास्कार: कप आणि शनिवारच्या गाड्यांत नेमका फरक काय? मदत हवी आहे

मंडळी, नास्कार, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यती, बघणारं कोणी आहे का इथे? आम्ही शार्लटला राहतो, आजूबाजूला टीम्सची वर्कशॉप्स, त्यामुळे मुलाबरोबर बघता बघता मलाच नाद लागलाय.

प्रश्न असा की मार्टिन्सव्हिलसारख्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर शनिवारी एक्सफिनिटीत, म्हणजे कपच्या खालच्या पायरीच्या मालिकेत, जी 2026 पासून ओरायली सिरीज झालीय, गाड्या एकमेकींना सारख्या मागे टाकत असतात आणि रविवारी कपला, म्हणजे सगळ्यात वरच्या मालिकेला, तोच ट्रॅक, काही ड्रायव्हरही तेच, तरी रांगच्या रांग नुसती फिरत राहते. इंजिन म्हणावं तर दोन्हीकडे 358 क्युबिक इंचांचं व्ही8च!

मला कळलंय ते एवढंच. कपला 2022 पासून नेक्स्ट जेन गाडी, मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं आपापली वरखाली होतात), पाच गिअरचा सिक्वेन्शियल बॉक्स (गिअर क्रमानेच पडतात), 18 इंची ॲल्युमिनियमचं चाक, मधोमध एकच नट. शनिवारच्या गाडीला अजून सॉलिड ॲक्सल (मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर), चार गिअर, कार्बोरेटर आणि 15 इंची स्टीलची चाकं. पिटमध्ये, म्हणजे चाकं बदलायला थांबतात तिथे, तर कानानेच कळतं, पाच नट आधीच चाकाला चिकटवून ठेवलेले, नट आवळायची गन पाचदा घुरघुरते, आणि कपला एकदाच झर्रकन की चाक बसलं. पण ओव्हरटेक यातल्या कशाने अडतं? आणि नास्कारची पिकअप ट्रकची वेगळी मालिका असते, ते ट्रक कुठल्या बाजूचे? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:

ताई, छोट्या ट्रॅकवर मुख्य भानगड ब्रेक आणि गिअरची. 18 इंची चाकात मोठे ब्रेक मावतात, टायरही रुंद, त्यामुळे सगळेच खूप उशिरा ब्रेक मारतात, मग मागच्याने आत घुसायचं कुठे? जुन्या गाडीत वळणात जरा चुकलं की आरपीएम (इंजिनाचे फेरे) पडायचे आणि मागचा गाठायचा, आता एक गिअर खाली टाकला की चूक झाकली जाते. त्यात पॉवर 2025 पर्यंत 670 हॉर्सपॉवरवर आणून ठेवलेली, म्हणजे थ्रॉटल दाबला तरी मागची चाकं फारशी घसरायची नाहीत, टायर टिकायचे आणि सगळे एकाच वेगाने फिरायचे. माझ्या मते हेच सगळ्यात जास्त नडलं. 2026 ला दीड मैलापेक्षा लहान ट्रॅकवर 750 केलीय ती त्यासाठीच.

ट्रक शनिवारच्या गाडीच्या बाजूचे, स्टीलच्या नळ्यांची चासी (सांगाडा), सॉलिड ॲक्सल, वरून पिकअपची बॉडी. इंजिन मात्र बऱ्याच टीम्स इल्मोर या इंजिन कंपनीचं तयार घेतात.

पुढच्या वेळी इन-कार कॅमेरा लावा आणि वळणातून बाहेर पडताना ड्रायव्हरचा गिअर टाकणारा उजवा हात बघा.