मदत हवी आहे : बाबांची येझदी पुन्हा उभी करायची आहे, आधी रंग की आधी इंजिन?

नमस्कार मंडळी,

१९९२ची येझदी रोडकिंग मोटारसायकल, पासिंग नागपूरचंच, एमएच-३१. नंदनवनातल्या घरी जिन्याखाली १४ वर्षं पडून आहे. आईने तिचं कपाट केलं होतं : सीटवर कूलरच्या जुन्या ताट्या, हँडलला पिशव्या. वरच्या कूलरचं पाणी ठिबकून मागचं मडगार्ड चाळणी झालंय.

इंजिन जाम होतं. प्लग काढून आत डिझेल ओतलं, चौथ्या गिअरात टाकून मागचं चाक रोज थोडं थोडं हलवलं. तिसऱ्या दिवशी पिस्टन सुटला. पण बाबा म्हणतात, बंद पडायच्या आधी ती पांढरा धूर ओकायची. गिअर ऑइल कमी व्हायचं, खाली मात्र थेंब नाही.

महालातला पेंटर म्हणतो फ्रेम आणि टाकी आत्ताच द्या, पोळ्याच्या आत पावडर कोटिंग करून देतो. फिटर म्हणतो आधी इंजिन. आरसीची १५ वर्षं केव्हाच संपली. बजेट ४५ हजार, वेळ फक्त रविवार. आणि हो, काढलेले सगळे नटबोल्ट मी एकाच श्रीखंडाच्या डब्यात टाकून बसलोय. हसू नका.

कोणत्या क्रमाने जाऊ? बाबा रोज खाली येऊन विचारतात, “सुरू झाली काय बे?”

प्रतिसाद :

भाऊ, पेंटरला थांबवा. आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर साफ करून आरसीशी जुळवा, फोटो आणि पेन्सिलचा ठसा घेऊन ठेवा. पावडर कोटिंगचा थर जाड असतो, नंबर बुजतो. माझ्या राजदूतचा बुजला होता. आरटीओच्या साहेबांना वाचता येईना, पासिंग अडकलं, नवाकोरा रंग घासून काढावा लागला. त्या जागी टेप लावायला सांगा, आणि रंग आरसीवर आहे तोच ठेवा. रिन्यूअल ५ वर्षांचं मिळतं. पर्यावरण कर आणि नवी नंबर प्लेट बजेटमध्ये धरा.

मग इंजिन. या गाडीत चेनकेस (इंजिनापासून क्लचकडे जाणाऱ्या चेनची पेटी) आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकच. न गळता कमी होतं म्हणजे क्रँकचा डावा सील (ऑइल अडवणारी रबरी रिंग) गेला, इंजिनच ते पिऊन राहिलं. नुसतं रिबोअर करून, म्हणजे सिलिंडर घासून मोठा पिस्टन टाकून, भागणार नाही. केस उघडा, दोन्ही सील आणि बेअरिंग बदला. उजवा सील जुना ठेवलात तर तिथून हवा ओढेल आणि नवा पिस्टन पुन्हा जाम होईल.

त्यानंतर रंग न देता कच्ची फिटिंग. दोन्ही सायलेन्सर, टाकी, वायरिंग, सगळं चढवून थोडी चालवा. वेल्डिंग लागलं तर तेव्हाच करून घ्या. रंग सगळ्यात शेवटी. पोळा विसरा.

धागाकर्ता :

पेंटरला नाही म्हणून आलो. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली. सगळा जुळतो, फक्त शेवटचा आकडा आरसीवर ८ आहे आणि ठशात ३ दिसतोय. गंजाने अर्धा खाल्ला असेल काय? असं कोणाचं झालंय?