सेनेकाने नीरोचा दरबार सोडायला हवा होता का?

रानवाट:
इ. स. ५९ मध्ये रोमन सम्राट नीरोने सख्ख्या आईला, अग्रिपिनाला, ठार करवलं. मग सिनेटला पत्र गेलं, की तिनेच माझ्या खुनाचा कट रचला होता. ते पत्र लिहून दिलं म्हणून रोममध्ये लोक नीरोचा गुरू आणि सल्लागार असलेल्या तत्त्वज्ञ सेनेकालाच नावं ठेवत होते, असं रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. आयुष्यभर सद्गुणावर लिहिणाऱ्या माणसाने हे करावं? माझ्या मते त्याने त्याच दिवशी दरबार सोडायला हवा होता.

गोदाकाठ:
अजिबात पटलं नाही. नीरो सोळाव्या वर्षी गादीवर आला. त्याला आवर घालणारे दोघंच होते, सेनेका आणि राजरक्षक दलाचा प्रमुख बुरुस. सुरुवातीची वर्षं बरी गेली ती या दोघांमुळे. ६२ मध्ये बुरुस गेला, सेनेकाही बाजूला झाला आणि त्याच वर्षी नीरोने बायकोला, ऑक्टेव्हियाला, मारवलं. सेनेका ५९ मध्येच निघून गेला असता तर हे सगळं आधीच झालं असतं.

रानवाट:
त्या बऱ्या वर्षांत ५५ साल येतं ना? त्या वर्षी सावत्र भाऊ ब्रिटानिकस नीरोच्या पंक्तीतच कोसळला, टॅसिटसच्या म्हणण्याप्रमाणे विषाने. त्यानंतर थोड्याच काळात सेनेकाने नीरोसाठी दयेवर ग्रंथ लिहिला आणि त्यात, तू रक्ताचा थेंबही सांडला नाहीस, अशी त्याची स्तुती केली. याला आवर घालणं म्हणायचं? आईच्या खुनानंतर सिनेट नीरोचा उदोउदो करत असताना सिनेटचा एक सदस्य थ्रासिया पाएटस सभेतून उठून चालता झाला. म्हणजे दुसरी वाट होती.

गोदाकाठ:
थ्रासियाबद्दल मलाही आदर आहे. पण टॅसिटसच पुढे म्हणतो, की त्याने स्वतःवर संकट ओढवून घेतलं आणि इतरांना स्वातंत्र्याची वाट काही दाखवली नाही. ६६ मध्ये त्यालाही मरावं लागलं. साम्राज्य चालवणाऱ्याच्या शेजारी शहाणा माणूस असणं मला जास्त मोलाचं वाटतं.

निशिगंधा:
मला ६१ सालचे ते गुलाम आठवतात. नगरप्रमुख पेडानियस सेकुंडसला एका गुलामाने मारलं, म्हणून जुन्या रिवाजाप्रमाणे घरातल्या सगळ्या ४०० गुलामांना मृत्युदंड झाला, त्यात बायका-मुलंही. लोक रस्त्यावर उतरले, तर नीरोने दुतर्फा सैन्य उभं केलं. टॅसिटसने सिनेटमधली चर्चा सविस्तर दिली आहे, त्यात सेनेकाचा एक शब्द नाही. त्याचा शहाणपणा त्या दिवशी कुणाच्या कामी आला?

गोदाकाठ:
नोंद नाही म्हणून तो गप्पच होता असं म्हणता येत नाही, बंद दाराआड काय बोलला कोण जाणे. शिवाय गुलामही माणसंच आहेत, असं मित्र लुसिलियसला लिहिलेल्या पत्रात ठासून सांगणारा हाच सेनेका. ५९ मध्ये दरबार सोडून जीव गमावला असता तर ती पत्रं आपल्याला मिळालीच नसती.

रानवाट:
ती पत्रं त्याने दरबारातून अंग काढून घेतल्यावरची आहेत, ६२ नंतरची. ६५ मध्ये नीरोने त्याला मरायला लावलं, तोवर जेमतेम तीन वर्षं मिळाली. ५९ मध्ये निघाला असता तर नीरोने जगू दिलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण दरबारात असताना त्याच्या हातून ते दयेचं पुस्तक आणि सिनेटचं पत्र उतरलं, हे तुम्हाला खटकत नाही का?