रायफल आणि घर, दोन्ही कसं सांभाळता?

कळंबा_१७७:
नमस्कार मंडळी. वय ३४, गोकुळ शिरगावला शिफ्टची नोकरी, लग्नाला पाच वर्षं झाली, मुलगी दीड वर्षाची. कॉलेजात दहा मीटर एअर रायफल शूटिंग करायचो, नोकरीच्या गडबडीत सुटलं ते सुटलंच. २०२४ ला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला रायफलमध्ये ब्राँझ घेतलं आणि मला राहवेना, माळ्यावरचं जुनं जॅकेट काढलं, पुन्हा सुरू केलं. आता आठवड्यातनं चार दिवस कोल्हापुरात दुधाळीला शूटिंग रेंजवर जातो, शिवाय रात्री जेवण झालं की हॉलच्या भिंतीला टार्गेटचा कागद लावून अर्धा-पाऊण तास होल्डिंग, म्हणजे गोळी न झाडता नुसता नेम धरून स्थिर राहायचं.
परवा बायको ताटं उचलता उचलता म्हणाली, "त्या ठिपक्याकडं बघताय तेवढं पोरीकडं बघा एकदा." चिडून नाही म्हणाली, त्यामुळं जास्त लागलं. पोरगी खरंच माझ्या पँटला धरून उभी होती आणि मला कळलंच नव्हतं. सोडायचं मन होत नाही, पण असं पण नको. तुम्ही कसं बसवलंय?

बावडेकर६०शॉट:
भावा, लहान लेकरू असताना चार दिवस लै होतात. मी बारा वर्षं या नादात आहे, पहिली दोन वर्षं घरात नुसती धुसफूस. मी सांगून जायचो तासाभरात येतो, आणि रेंजवर शेवटच्या गोळ्या एका जागी न बसता विखुरल्या की अजून वीस गोळ्या, मग चहा, गप्पा, घरी यायला साडेनऊ, तोवर बायकोनं दोनदा आमटी गरम केलेली. शेवटी दोनच वार ठरवले आणि आठ म्हणजे आठला घरात. स्कोअर पडला का? नाही, उलट वर गेला. रायफलचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, सव्वा तासात ६० शॉट, डोक्यात घरचं भांडण असलं की ट्रिगरवर बोट थांबतच नाही, हे तुला पण माहीत आहे.
होल्डिंग पहाटे कर, पोरगी झोपलेली असते तेव्हा. आणि एक महत्त्वाचं, पेलेट, म्हणजे छर्रे, शिशाचे असतात, आणि शिसं लेकरांना विषारी. रेंजवरनं आल्यावर साबणानं हात धू, कपडे बदल, मगच तिला उचल. ती "बाबा" करत पळत आली तरी. रायफल कुलपात ठेव, पेलेटची डबी वेगळी ठेव.

प्रोन_ते_स्टँडिंग:
बावडेकर दादांचं बरोबर आहे, पण पहाटे पोरगी उठली तर कोण बघणार? दादा रायफल खाली ठेवणार का वहिनी उठणार? हे आधी ठरवा.
२०१० ला आपल्या कोल्हापूरच्या नेमबाज तेजस्विनी सावंत म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाल्या तेव्हा मी रेंजवर शिकत होते, आम्ही पोरी नुसत्या नाचलो होतो. लग्नात माझी रायफल माहेरीच राहिली. मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर परत उभी राहिले तर तोलच सापडेना, बाळंतपणानंतर कंबर, पोट सगळं बदललेलं, स्टँडिंग पहिल्यापासनं बसवावी लागली. तेव्हा जो तो एकच विचारायचा, "बाळ कुणाकडं?" माझ्या नवऱ्याला क्रिकेटच्या ग्राउंडवर आजवर कुणी हे विचारलेलं नाही. सासूबाईंनी शनिवार-रविवार मुलाला घेतलं म्हणून मी टिकले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.
तर दादा, वहिनींचं लग्नाआधीचं काय सुटलंय ते विचारलंत का कधी?

कळंबा_१७७:
ताई, तुमचं वाचून त्याच रात्री विचारलं. आधी "काही नाही" म्हणाली, मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "रविवारी सकाळी तीन तास मला कुणी हाक मारू नका." एवढंच मागितलं ओ तिनं, पाच वर्षांत.
काल पहिला रविवार झाला. ती मैत्रिणीबरोबर रंकाळ्याला गेली, मी पोरीला वरणभात भरवला, निम्मा माझ्या शर्टावर, फोन एकदा पण केला नाही. आली तेव्हा तोंडावर वेगळाच तजेला होता.
रेंज आता बुधवार आणि शनिवार. पहाटे पोरगी उठली तर रायफल मी ठेवणार, हे पण बोलणं झालंय. हॉलमधला कागद काढून बेडरूमच्या दारामागं लावलाय. सेकंड शिफ्टच्या आठवड्याचं तेवढं अजून बसेना, शिफ्टवाले कुणी असतील तर सांगा.