मोठ्या सेन्सरच्या छोट्या कॅमेऱ्यासाठी झूम सोडावा का?

प्रश्न

गेली काही वर्षे मी सोनीचा आरएक्स१०० हा २०१२ सालचा, एक इंची सेन्सरचा कॅमेरा वापरत आहे. दिवसाउजेडी त्याच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. घरातल्या मंद प्रकाशात मात्र छायाचित्रे फार रवाळ येतात. म्हणून एपीएस-सी, म्हणजे त्याहून बऱ्याच मोठ्या सेन्सरचा रिको जीआर ३ घ्यावा असे मनात आहे. दोन्हींचे वजन जवळजवळ सारखे, म्हणजे अनुक्रमे २४० आणि २५७ ग्रॅम आहे. सेन्सरचे क्षेत्रफळ मात्र सुमारे ११६ चौरस मिलिमीटरवरून थेट ३६६ वर जाते. त्याच्या मोबदल्यात २८ ते १०० मिमीचा झूम (हे आकडे ३५ मिमी फिल्मच्या तुलनेतले; आकडा लहान तितका दृश्यकोन रुंद) सोडून २८ मिमीच्या एकाच लेन्सवर भागवावे लागेल. मी मुख्यतः घरातली माणसे आणि प्रवासातली दृश्ये टिपतो. हा व्यवहार फायद्याचा ठरेल का?

प्रतिसाद १

सेन्सर तिप्पट म्हणजे प्रकाशही तिप्पट, असा हिशेब आपण केला असेल तर त्यात एक गोम आहे. लेन्स मुळात किती प्रकाश आत घेते, हे आधी पाहावे लागते. आपल्या कॅमेऱ्याच्या लेन्सचे प्रत्यक्ष नाभीय अंतर २८ मिमीच्या टोकाला १०.४ मिमी असते आणि तिथे ती एफ/१.८ पर्यंत उघडते (हा आकडा लहान तितके छिद्र मोठे). म्हणजे प्रकाशाला मिळणाऱ्या वाटेचा व्यास सुमारे ५.८ मिमी झाला. जीआर ३ ची लेन्स प्रत्यक्षात १८.३ मिमी, एफ/२.८ अशी असल्यामुळे तिथे हाच व्यास सुमारे ६.५ मिमी भरतो. दृश्यकोन सारखाच असताना मिळणारा प्रकाश फार तर सव्वापटीहून किंचित अधिक, म्हणजे फरक अर्ध्या स्टॉपचाही नाही (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). केवळ मंद उजेडासाठी कॅमेरा बदलणार असाल तर पदरी निराशा येण्याचा संभव आहे.

मोठ्या सेन्सरचा खरा फायदा दिसतो तो, गंमत म्हणजे, भर उन्हात. प्रकाश मुबलक असताना सर्वांत कमी आयएसओवर (प्रकाश-संवेदनशीलतेच्या आकड्यावर) मोठा सेन्सर भरून वाहण्यापूर्वी कितीतरी अधिक प्रकाश साठवू शकतो; त्यामुळे आभाळातला तपशील राखून झाडाखालच्या सावल्या रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) उजळल्या, तरी त्यांत रंगीत ठिपके सहसा उमटत नाहीत. शिवाय एकाच नाभीय अंतरासाठी घडवलेली लेन्स कोपऱ्यांपर्यंत रेखीव राहते, जे एवढ्या लहान झूमला साधणे कठीण असते. मात्र रॉ फाइलवर काम करण्याचा कंटाळा असलेल्या माणसाने या खर्चात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २

वरील गणिताशी मी सहमत आहे, परंतु हाताळणीचा मुद्दा राहून गेला. जीआर मालिकेत फोकसचे अंतर आधीच ठरवून ठेवण्याची सोय आहे. अंतर २.५ मीटर आणि छिद्र एफ/८ ठेवल्यास साधारण सव्वा मीटरपासून पुढचे सारे पुरेसे स्पष्ट येते, आणि बटण दाबताच फोकसची वाट न पाहता चित्र टिपले जाते. लेन्समधल्या पाकळ्यांच्या शटरचा आवाज इतका नाजूक असतो की समोरच्या माणसाचे लक्षही जात नाही. रस्त्यावरच्या छायाचित्रणात मला या दोन गोष्टी सेन्सरपेक्षा मोलाच्या वाटतात.

उणिवाही लहान नाहीत. व्ह्यूफाइंडर नाही, पडदा वळत नाही, आधीच्या मॉडेलमध्ये असलेला फ्लॅश या मॉडेलमधून काढून टाकला आहे, आणि बॅटरी एका चार्जमध्ये सुमारे २०० चित्रांपुरतीच, त्यामुळे जास्तीची बॅटरी जवळ बाळगावीच लागते. धुळीचाही विचार करावा. पूर्वी माझ्याकडे आत-बाहेर सरकणाऱ्या लेन्सचा एक कॅमेरा होता. त्यात शिरलेला एक कण दोन वर्षे प्रत्येक निळ्या आभाळात हजेरी लावत होता. लेन्स काढता येत नसल्याने तो घरी साफ करणे शक्य नव्हते. जीआर ३ मध्ये सेन्सरवरची धूळ झटकण्याची सोय दिलेली आहे; तरीही खिशात ठेवताना पातळ पिशवी वापरावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दरम्यान मी गेल्या वर्षीची छायाचित्रे चाळून पाहिली. दृश्ये बहुतेक २८ मिमीवरच टिपलेली आहेत, पण माणसांची चित्रे ७० मिमीच्या पुढची निघाली. ती २८ मिमीवर टिपून नंतर कापून घेतली तर चालेल का?

प्रतिसाद १

थोडीफार चालतील. २४ मेगापिक्सेलचे चित्र ३५ मिमीच्या चौकटीपर्यंत कापल्यास सुमारे १५ मेगापिक्सेल उरतात, ५० मिमीपर्यंत साडेसात, आणि १०० मिमीपर्यंत दोनही नाहीत. कापून टाकलेल्या भागाबरोबर मोठ्या सेन्सरचा फायदाही जातो, हे विसरू नये. उलट चौकट भरण्यासाठी २८ मिमीने चेहऱ्याच्या फार जवळ गेलात, तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात. घरची माणसे ते सहजासहजी माफ करत नाहीत.

माणसेच अधिक टिपत असाल तर २०२१ साली आलेला जीआर ३ एक्स पाहावा; त्याची लेन्स ४० मिमीची आहे. मंद उजेड हीच मुख्य अडचण असेल तर फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेतील एफ/२ ची लेन्स एफ/२.८ च्या दुप्पट प्रकाश घेते. मात्र त्या मालिकेतला एक्स१००व्ही ४७८ ग्रॅमचा आहे, आणि तो शर्टाच्या खिशात मावणार नाही.

प्रतिसाद २

काहीही घेण्यापूर्वी पंधरा दिवस आरएक्स१०० च्या झूमला हात लावू नये. सुरू केल्यावर तो २८ मिमीवरच उघडतो. किती वेळा बोट झूमच्या खटक्याकडे वळले, तेवढे मोजावे.