लंडनचा वकील आठ दिवस नाशिकला येतोय, त्याला इथली सनद लागते का?

पॅकहाउस_दिंडोरी
आमची फर्म दिंडोरीतून युरोपात द्राक्षं पाठवते. रॉटरडॅमच्या खरेदीदाराशी तीन कंटेनरच्या मालावरून वाद पेटलाय. कराराला इंग्लंडचा कायदा लागू, लवादाचं ठिकाण मात्र मुंबई. खरेदीदाराचा लंडनचा सॉलिसिटर आठ दिवस इथे येणार, कोल्ड स्टोरेजची तापमानाची नोंद बघणार, तडजोडीला बसणार. नाही जमलं तर लवादासमोरही तोच उभा राहणार म्हणतो. त्याच्याकडे भारतातली सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नाही. आम्ही हरकत घ्यावी का? आणि इंग्लिश कायद्यावर मत घ्यायला आम्हीही तिकडचा वकील लावला तर काय पाळायचं?

तारीख_पे_तारीख
परदेशी वकिलाला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी करावी लागते. एकट्या वकिलाची फी 25,000 डॉलर, फर्मची 50,000, अनामत वेगळी. नोंदणी नसेल तर बोलणीलाच बसू नका.

जुना_आग्रारोड
वरचे आकडे बरोबर, पण ते इथे ऑफिस थाटून कायम काम करणाऱ्यांसाठी. आठ दिवस येऊन जाणाऱ्याला ते लागू नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने 13 मार्च 2018 ला ए. के. बालाजी प्रकरणात दोन गोष्टी सांगितल्या. अॅडव्होकेट्स अॅक्ट 1961 खाली इथली सनद नसलेल्याला भारतात वकिली करता येत नाही, आणि वकिली म्हणजे नुसतं कोर्टात उभं राहणं नव्हे, सल्ला देणं, मसुदे करणं हेही त्यातच आलं. मात्र अधूनमधून येऊन स्वतःच्या देशाच्या कायद्यावर किंवा आंतरराष्ट्रीय कायद्यावर अशिलाला सल्ला देऊन परत जाणाऱ्याला बंदी नाही. बार कौन्सिलच्या नियमांनी (2023 च्या मार्चमध्ये अधिसूचित, 2025 च्या मेमध्ये सुधारित) त्याला हद्द घातली: कोणत्याही 12 महिन्यांत मिळून 60 दिवस, आणि भारतात ऑफिस नको.

हे 12 महिने म्हणजे कॅलेंडर वर्ष नव्हे, मागे मोजत जायचं. दुसऱ्या अशिलासाठी तो आधी मुंबई-दिल्लीत येऊन गेला असेल तर ते दिवसही धरले जातात. लोक नेमके इथेच चुकतात. त्याचं नाव तुमच्या वकिलाच्या लेटरहेडवर छापू नका, शहरातल्या कुठल्याही ऑफिसात त्याच्यासाठी कायमचं टेबल ठेवू नका. हॉटेलच्या हॉलमधली मीटिंग चालते. येणं-जाणं अधूनमधूनचं की नेहमीचं, यावर वाद झाला तर तो बार कौन्सिल ठरवते.

तेव्हा तडजोडीच्या बैठकीला हरकत घेऊन हाती काही लागणार नाही.

पॅकहाउस_दिंडोरी
आणि लवादात?

जुना_आग्रारोड
खरेदीदार डच कंपनी, म्हणून हा आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद. 2025 च्या सुधारणेनुसार त्यात परदेशी किंवा आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्रश्न असेल तर परदेशी वकील भाग घेऊ शकतो. तुमच्या करारात इंग्लिश कायदा आहे, म्हणजे अट पुरी होते. तिथेही हरकतीत दम नाही.

त्याची दोरी कोर्टाच्या दारात तुटते. लवाद कायद्याच्या कलम 9 खाली अंतरिम (निकालापर्यंतचा तात्पुरता) आदेश हवा असेल, तर आंतरराष्ट्रीय लवादाचा अर्ज नाशिकच्या जिल्हा न्यायालयात चालत नाही, मुंबई उच्च न्यायालयात जावं लागतं. लवाद नेमायचा अर्ज तर सरळ सर्वोच्च न्यायालयात. दोन्हीकडे वकीलपत्र सनदधारकाचंच. कोर्ट एखाद्या प्रकरणात बिगरवकिलाला बोलू देऊ शकतं असं अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम 32 मध्ये आहे खरं, पण ती कोर्टाची मर्जी झाली, तिच्यावर प्रकरण उभं करू नये. सनदेशिवाय कोर्टात वकिली केली तर कलम 45 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

तुमचा खरा प्रश्न शेवटचा आहे. इंग्लिश वकिलाकडून मत घ्या, पण नेमणूक-पत्रात लिहून घ्या: ‘इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यापुरता सल्ला’. तडजोडनामा झाला तर त्यावरचा स्टँप, बँकेमार्फत पैसे पाठवण्याचे नियम, उच्च न्यायालयातला अर्ज, हे इथल्या वकिलाकडे. एकाच मसुद्यात दोघांचं काम मिसळलं की इंग्लिश वकील नकळत भारतीय कायद्यावर मत देऊन बसतो, आणि समोरच्याला आयता मुद्दा मिळतो.

हिशेब_पंचवटी
पैशाचं राहिलं. इंग्लिश वकिलाची फी म्हणजे सेवेची आयात, तिच्यावर रिव्हर्स चार्जने 18 टक्के आयजीएसटी तुम्हीच भरायचा. बिल परदेशातलं म्हणून जीएसटी नाही असं समजून बसणारे पुढे व्याज भरतात. तो तुमच्या कामासाठी स्वतः इथे येणार असेल तर भारत-ब्रिटन दुहेरी कर टाळण्याच्या करारातला 90 दिवसांचा आकडाही बघा. एका आर्थिक वर्षात तेवढा मुक्काम झाला किंवा इथे ठरलेलं बस्तान असलं, तर इथल्या कामाच्या फीवर भारतात आयकर लागू शकतो. बार कौन्सिलचे 60 दिवस वेगळे, हे 90 वेगळे. एकाच वहीत दोन रकाने करा. फी पाठवण्याआधी टीडीएसचं सीएकडून लेखी घ्या, नाहीतर बँक अडवते.

आणि त्याला टुरिस्ट व्हिसावर बोलावू नका, बिझनेस व्हिसाच हवा. आमंत्रणपत्रात ‘फॅक्टरी भेट’ लिहून काम भागवू नका, ‘व्यावसायिक बैठक’ स्पष्ट लिहा.

पॅकहाउस_दिंडोरी
हरकतीचा विचार सोडला. त्याच्याकडून गेल्या 12 महिन्यांतल्या मुक्कामाच्या तारखा लेखी मागतोय.

जुना_आग्रारोड
मागा. पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रतीही मागून घ्या, नुसत्या ईमेलवर भागवू नका.